आडवी आलेली पानं

“पान आहे,” सुमती म्हणाली.

कॅमेरा तिच्या पोटावरच्या उशीवर टेकवलेला होता. हातात धरून ठेवण्याइतकी ताकद आता तिच्यात नव्हती. तिनं मागचा पडदा माझ्याकडं वळवला आणि बोट ठेवलं. घरटं दिसत होतं. पिलांची तीन उघडी तोंडं दिसत होती. काठावर बसलेल्या पक्ष्याच्या चोचीतला किडासुद्धा दिसत होता. फक्त पक्ष्याच्या डोळ्यावर चिकूचं पान आलं होतं.

“कालपण होतं की.”

“काल दोन होती. आज एकच आहे. सुधारताय तुम्ही.”

मी खुर्ची ओढून बसलो. मला वाटलं होतं, आज जमलं. सव्वासातपासून नऊपर्यंत रोपवाटिकेच्या भिंतीला टेकून बसलो होतो आणि गुडघे धरले होते. शेजारच्या आक्का तेवढा वेळ सुमतीजवळ थांबायच्या आणि मी आलो की आमचा चहा टाकून घरी जायच्या.

मी विचारलं, डोळा एवढा महत्त्वाचा आहे का, बाकी सगळं आलंय. ती म्हणाली, डोळा नसला तर तो पक्ष्याचा फोटो नव्हे, पिसांचा फोटो.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट, एप्रिलअखेरची. मी लाइनमन होतो. सुमती शाळेत शिक्षिका. मिरजेत आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळं तिला सगळे सुतार बाई म्हणायचे आणि मला बाईंचे मिस्टर. निवृत्त झाल्यावर तिनं स्टुडिओवाल्या बशीर पठाणांकडून एक जुना कॅमेरा आणि लांबची लेन्स घेतली. बशीरभाईंनीच तिला शिकवलं. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. ते नऊ वर्षं टिकलं.

ती कधी अभयारण्यात वगैरे गेली नाही. गावातच फिरायची. नाल्याकाठचा खंड्या, स्टेशनमागच्या चिंचेतले पिंगळे, पाण्याच्या टाकीखाली राहणारं उदमांजर, गोदामाच्या भिंतीवर ऊन खात बसणारं मुंगूस. तिचं म्हणणं असं, की माणसं दहा फुटांवर राहणाऱ्याला ओळखत नाहीत आणि वाघ बघायला चारशे किलोमीटर जातात.

मेच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं. ‘मिरजेतले शेजारी’ हे नाव तिनंच दिलं होतं. चोवीस फोटो, त्यातले तेवीस तयार. बशीरभाईंनी ते मोठे करून चौकटीत बसवलेसुद्धा होते. प्रत्येक फोटोखाली लावायची चिठ्ठी सुमतीनं स्वतः लिहिली होती. कोण आहे, कुठं दिसला, आणि शेवटी फोटो काढणाऱ्याचं नाव. तेवीसही चिठ्ठ्यांवर सुमती सुतार.

चोविसावा नाचऱ्याच्या घरट्याचा होता. नाचरा म्हणजे चिमणीएवढा काळपट पक्षी. शेपटीचा पंखा करून या फांदीवरून त्या फांदीवर सारखा नाचत असतो. मार्चअखेरीला तिनं त्याला कोळ्याचं जाळं गोळा करताना बघितलं आणि मागोमाग जाऊन घर शोधून काढलं. जुन्या रोपवाटिकेत, चिकूच्या झाडावर. त्यानंतर आठ दिवसांत ती अंथरुणाला लागली. पित्ताशयातला कॅन्सर यकृतात गेला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून महिना-दोन महिने सांगितले. तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं होतं, तेवीस पुरेत.

“खाताना आहेत, भांडताना आहेत, झोपलेले आहेत,” ती म्हणाली. “घरात असलेला एकही नाही. शेजारी म्हटल्यावर घर नको?”

म्हणून कॅमेरा माझ्या हातात आला. मी त्याआधी लग्नकार्यात दुसऱ्यांचे दोन-चार फोटो काढले असतील. तिनं अंथरुणावरून मला शिकवलं आणि नियम घालून दिले. बारा पावलांच्या आत जायचं नाही. पक्षी चारा आणूनही घरट्यावर न जाता लांब बसून राहिला, तर आपण उठून यायचं. झाडाच्या कशालाही हात लावायचा नाही. पिलं उडून जाईपर्यंत घरट्याचा फोटो कुणाला दाखवायचा नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं दहा कॅमेरे लागतात. हे नियम ती गावातल्या कॅमेरेवाल्या पोरांनापण सांगायची आणि ती तिला भिऊन पाळायची.

“वारा येईल,” ती त्या दिवशी म्हणाली. “पान हलेल. तेव्हा बटण दाबायचं.”

“वारा कधी येणार?”

“मला काय विचारता? मी शाळेत होते, हवामान खात्यात नाही.”

हसली की तिला खोकला यायचा. तो थांबेपर्यंत मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. पाठ नुसती हाडं झाली होती.

पिलं अंड्यातून बाहेर येऊन तो चौथा दिवस होता. ती बोटांवर मोजायची. तेराव्या-चौदाव्या दिवशी उडतात, म्हणजे अजून वेळ होता. पण त्या दुपारी तिला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर घरी आले, इंजेक्शन दिलं. उतरताना जिन्यात मला म्हणाले, मुलं कुणी लांब असतील तर बोलावून घ्या. आम्हाला मूल नव्हतं. मी तसं सांगितलं. ते बरं म्हणाले आणि गेले.

पाचव्या दिवशी मी सात वाजताच जाऊन बसलो. वारा अजिबात नव्हता. पक्षी आला, डोळ्यावर पान. तो गेला, दुसरा आला. नर-मादी दोघं सारखीच दिसतात आणि दोघंही चारा आणतात. पुन्हा पान. मी थोडा डावीकडं सरकलो तर दुसरं पान. साडेआठ वाजले.

माझ्या खिशात पक्कड असते. नोकरी संपली तरी ती सवय गेली नाही. दर मे महिन्यात तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या, हे काम मी एकतीस वर्षं केलं. झाडाकडं बघितलं की मला आधी आडवं काय आलंय तेच दिसतं.

मी उठलो आणि झाडाजवळ गेलो. दोन्ही पक्षी ओरडत डोक्यावर फिरायला लागले. घरटं माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर होतं, चहाच्या कपापेक्षा लहान. फांदीला धक्का लागला तशी पिलांनी माना वर करून तोंडं उघडली. त्यांना वाटलं, आईच आली. मला एक पान काढायचं होतं. पण ते काढल्यावर मागचं पुढं येणार असं दिसलं, म्हणून चार पानांचं झुपकं देठासकट कापलं. त्याच्यावर एक डहाळी होती, तिची सावली नेमकी घरट्यावर पडत होती आणि फोटो काळे येत होते. तीही कापली. मिनिटसुद्धा लागलं नसेल. कापलेलं सगळं भिंतीपलीकडं टाकलं आणि बारा पावलं मोजून परत जागेवर बसलो.

दहा मिनिटांत पक्षी घरट्यावर आले. मी म्हटलं, झालं, काही बिघडलं नाही. तासाभरात दोनशेच्या वर फोटो काढले.

घरी येऊन कॅमेरा तिच्या उशीवर ठेवला. ती एकेक फोटो पुढं सारत गेली आणि एका ठिकाणी थांबली. पक्षी घरट्याच्या काठावर, शेपटी पसरलेली, चोच एका पिलाच्या तोंडात, आणि डोळा स्वच्छ, त्यात उजेडाचा ठिपका. इंजेक्शनची गुंगी होती तरी ती उठून बसायला बघत होती.

“हाच,” ती म्हणाली. “उजेड काय सुरेख आलाय. पान कसं हललं?”

“वारा आला.”

तिनं माझा हात धरला. आक्का समोर उभ्या होत्या तरी सोडला नाही. मग मला बशीरभाईंना फोन लावायला सांगितलं आणि त्यांना म्हणाली, चोविसावी चौकट तयार ठेवा, पण फोटो मी पिलं उडाल्यावरच देणार. त्या दिवशी ती दोन घास भात जेवली.

सहाव्या दिवशी मला जायची तशी गरज नव्हती. पण पिलांची खबर आणा म्हणून तिनं पाठवलं. फाटकातच वॉचमन इरगोंडा भेटला. माझी आणि त्याची जुनी ओळख. तो म्हणाला, “मालक, काल दुपारी तुमचं ते पाखरू बघायला पाहिजे होतं. पंख पसरून बसलं होतं घरट्यावर. चोच आ करून. मला वाटलं मेलं. जवळ गेलो तरी उठंना.”

मी विचारलं, किती वाजता? तो म्हणाला, बारापासून तीनपर्यंत तरी असेल, मी जेवून येईपर्यंत तिथंच होतं.

दोन पिलं घरट्यात निपचित पडली होती. एक काठावरून मान टाकून लोंबत होतं. मुंग्या लागल्या होत्या. मी वर बघितलं. जिथं चार पानं आणि एक डहाळी होती तिथून नुसतं आभाळ दिसत होतं.

मी मागं सरकून भिंतीपाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं पक्षी आला. चोचीत किडा होता. काठावर बसला. आत वाकून बघितलं, इकडून तिकडं उडी मारली, थांबला, परत वाकला. मग किडा घेऊनच गेला. पाच मिनिटांनी दुसरा आला, तोही किडा घेऊन. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी तो उघडला नाही.

घरी आलो तर ती दाराकडं बघत होती. “कशी आहेत?”

“छान आहेत.”

“दाखवा.”

आदल्या दिवशीचे दोनशे फोटो होतेच. मी त्यातले तिनं न बघितलेले काढून समोर धरले. पडद्यावर तारीख आपोआप येत नव्हती, त्यासाठी एक बटण दाबावं लागायचं. ते ती सहसा दाबत नसे. मी त्या बटणाकडं बघत बसलो. तिनं दाबलं नाही. सातव्या दिवशीपण तेच केलं. सकाळी जाऊन रोपवाटिकेबाहेरच्या कट्ट्यावर तासभर बसायचं, आणि घरी येऊन जुने फोटो दाखवायचे. सातव्या दिवशी ती एकेका फोटोवर जास्त वेळ थांबली. मी ठरवलं होतं की तेराव्या दिवशी सांगायचं, उडाली. तिला तेवढं कळलं की फोटो चौकटीत जाईल, प्रदर्शन होईल, आणि तिला कधी काही समजायचं नाही. तेराव्या दिवसापर्यंत ती असेल का, हाही विचार मनात येऊन गेला. तो आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही इथं लिहितो.

आठव्या दिवशी तिनं चारच फोटो बघितले आणि थांबली.

“अहो, पिलं वाढत नाहीत.”

“वाढतील की. आत्ताशी—”

“आज आठवा दिवस. आठव्या दिवशी पंखांवरच्या नळ्या फुटून पिसं बाहेर येतात. डोळे पूर्ण उघडतात. ही पाचव्या दिवसाची पिलं आहेत. कालची पण पाचव्या दिवसाचीच होती.”

तिनं ते बटण दाबलं. तारीख आली. तिनं ती मोठ्यानं वाचली नाही.

“किती राहिली?”

“एकही नाही.”

“कावळा?”

उत्तर तिनंच हातात दिलं होतं. मी हो म्हणालो.

तिनं फोटो मोठा केला आणि पडद्यावर बोटानं हळूहळू सरकवत राहिली. बाहेर आक्का कपडे वाळत घालत होत्या. पंखा फिरत होता.

“या पिलाच्या पाठीवर ऊन आहे,” ती म्हणाली. “मी आठवडाभर त्या झाडाखाली जात होते. तिथं ऊन पडत नाही. म्हणून तर त्यांनी ती जागा धरली होती.”

माझा हात खिशातल्या पकडीवर गेला.

“काय काय कापलंत?”

“चार पानं. एक डहाळी.”

“कशानं?”

“पकडीनं. त्याच दुपारी गेली.”

तिनं मान हलवली. मला वाटलं, रडेल किंवा रागावेल. तिला बहुतेक दोन्हीची ताकद नव्हती. मी तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, “माझ्यासाठी केलं म्हणू नका.”

मी तेच म्हणणार होतो.

संध्याकाळी तिनं एक कोरी चिठ्ठी आणि पेन मागितलं. मी पाठीमागं दोन उशा लावल्या आणि वहीचा पुठ्ठा हाताखाली दिला. चार ओळींना अर्धा तास लागला. मध्ये दोनदा पेन गळून पडलं. लिहून झाल्यावर चिठ्ठी माझ्याकडं दिली. तिच्यावर असं होतं:

“नाचऱ्याचं घरटं. जुनी रोपवाटिका, चिकूचं झाड. पक्ष्याचा डोळा दिसावा म्हणून घरट्यावरची पानं कापली. त्याच दुपारी उन्हानं तिन्ही पिलं मेली.”

“हा फोटो लावायचा,” ती म्हणाली. “आणि त्याखाली ही चिठ्ठी.”

मी म्हटलं, हा सोडून दे, तेवीसच लावू. तिनं मान हलवून नाही म्हटलं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, म्हणतील ते म्हणतील.

“फोटो काढणाऱ्याचं नाव राहिलं,” मी म्हणालो. खाली दोन बोटं जागा रिकामी होती.

“राहू दे.”

मला आधी वाटलं, दमली असेल. मग वाटलं, तिनं मुद्दाम माझं नाव टाकलं नाही, मला झाकून घेतलं. अडतीस वर्षं एकत्र काढल्यावर बाईमाणूस एवढं करतंच, असंही वाटलं. बरं वाटलं. तिनं चिठ्ठी आणि पेन उशाजवळच्या स्टुलावर ठेवायला सांगितलं.

ती नंतर चार दिवस होती. त्या चार दिवसांत पक्ष्याचा विषय तिनं काढला नाही. पाणी मागायची, कूस बदलून मागायची, आक्कांच्या नातीची चौकशी करायची. माझ्याशी तुसडेपणानं वागली असंही नाही. एकदा आक्कांनी औषधाच्या बाटल्यांना जागा करायला स्टुलावरचं पेन उचलून फळीवर ठेवलं. सुमतीनं ते परत खाली ठेवायला लावलं. मी विचारलं, तुला काही लिहायचंय का?

“मला नाही,” ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघत राहिली. मी चादर सारखी केली आणि औषधाची वेळ बघितली.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. मी पाणी आणायला आत गेलो होतो. आक्का जवळ होत्या.

दिवसकार्य झाल्यावर बशीरभाई घरी आले. प्रदर्शन ठरल्याप्रमाणं करायचं, बाईंची तीच इच्छा होती, असं म्हणाले. मी त्यांना कॅमेऱ्यातला फोटो आणि ती चिठ्ठी दिली. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. सुमती महिनाभर अंथरुणातून उठली नव्हती हे त्यांना माहीत होतं.

“आनंदराव, हे असंच लावायचं?”

“तिनंच सांगितलंय.”

“आणि नाव?”

“तिनं लिहिलं नाही.”

ते माझ्याकडं बघत होते. मी चपला शोधायला लागलो. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि ते निघाले.

रविवारी हॉलमध्ये बरीच माणसं आली. तिचे जुने विद्यार्थी, त्यांची मुलं, गावातली कॅमेरेवाली पोरं, शाळेतल्या निवृत्त बाई. मी खांबाजवळ उभा होतो. लोक येऊन हात हातात घ्यायचे. उदमांजराच्या फोटोपाशी सगळे हसत होते, कारण ती टाकी सगळ्यांची रोजच्या बघण्यातली आणि उदमांजर कुणीच कधी बघितलेलं नव्हतं. असं करत करत चोविसाव्या फोटोपाशी यायचे. आधी वा म्हणायचे. मग चिठ्ठी वाचायचे.

तिच्याबरोबर शिकवलेल्या एक बाई म्हणाल्या, शेवटी शेवटी माणसाची बुद्धी फिरते, आजारच तसला होता. एक कॅमेरेवाला पोरगा दुसऱ्याला हळू आवाजात म्हणाला, “आपल्याला पानाला हात लावू द्यायच्या नाहीत, आणि स्वतः बघ.” दुसरा म्हणाला, जाऊ दे, गेलेल्या माणसाबद्दल कशाला. पण त्याचंही तोंड उतरलं होतं. ते दोघं तिथूनच मागं फिरले. वहीत अभिप्राय लिहायला थांबले नाहीत.

माझ्यापासून ते चार हातांवर होते. मी ऐकत उभा राहिलो. सकाळपासून दुपारपर्यंत असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होतो, तिचंच सांगणं आहे, तिनंच झाकलंय, आता आपण उघडं करणं बरोबर नाही. बशीरभाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते आणि ते एकदाही माझ्याजवळ आले नाहीत.

दुपारी गर्दी कमी झाल्यावर एक बाई आली. चाळिशीची असेल. तिनं स्वतःच ओळख सांगितली, राजश्री चौगुले, पोस्टात असते, चौथीला बाईंच्या वर्गात होते. तिनं पहिल्यापासून एकेक फोटो सावकाश बघितला. चोविसाव्याची चिठ्ठी वाचली, आणि मला आश्चर्य वाटलं, कारण तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती वाकून चिठ्ठीच्या खालची रिकामी जागा बघत होती.

“काका, अजून कुणी लिहिलं नाही वाटतं?”

मी विचारलं, काय लिहायचं?

“नाव. बाई असंच करायच्या की. वर्गात काही मोडलं, फुटलं, तर कुणी केलं म्हणून कधी विचारायच्या नाहीत. फळ्यावर नुसतं काय झालं ते लिहायच्या. काच फुटली, नाहीतर माठ फुटला. खाली जागा सोडायच्या आणि खडू टेबलावर ठेवायच्या. ज्यानं केलं त्यानं जाऊन नाव लिहायचं. मार नाही, शिक्षा नाही. नाव लिहिलं की फळा पुसायच्या आणि पुढचा धडा चालू.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर फळा तसाच. आमच्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा फाटला होता. सहा दिवस फळा तसाच होता. बाईंनी त्याला हात लावला नाही, सहा दिवस तोंडीच शिकवलं. आमच्याशी सगळं नेहमीसारखं बोलायच्या, पण खडू तिथंच.” ती थोडी हसली. “सहाव्या दिवशी मीच लिहिलं. मीच फाडला होता.”

सुमतीनं ही गोष्ट घरी कधी सांगितली नव्हती. किंवा सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल. स्टुलावरची चिठ्ठी चार दिवस तिथंच होती. पेन होतं. ती होती.

मी राजश्रीकडं पेन मागितलं. तिनं पर्समधून काढून दिलं. चिठ्ठी भिंतीवर चिकटवलेली होती, त्यामुळं हात वर धरून लिहावं लागलं आणि अक्षर वाकडं आलं. आनंदा विठू सुतार. लिहीत असताना मागं कुणीतरी येऊन थांबल्याचं कळलं. बशीरभाई होते. त्यांनी वाचलं आणि ते परत आपल्या जागी गेले.

राजश्री तिथंच उभी होती. मी तिला विचारलं, “तू नाव लिहिलंस तेव्हा बाई काय म्हणाल्या?”

“काही नाही,” ती म्हणाली. “फळा पुसला आणि म्हणाल्या, पुस्तकं काढा.”

मी तिला पेन परत दिलं.